लेथ ‘लूज’ झाला म्हणजे नेमके काय झाले?



‘लेथ आता लूज झाला, त्यावर काम बरोबर येत नाही’ हे वाक्य कोणत्याही गावच्या वर्कशॉपमध्ये ऐकायला मिळते. असे एकदा म्हटले गेले की त्या यंत्राचे दिवस भरले असे समजावे. ते कोपऱ्यात सरकवले जाते, त्यावर रिकामी पोती आणि गंजके पत्रे साठतात आणि एक दिवस ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. शाळेतला लेथ असेल तर मधे ‘निर्लेखना’चा एक कागद तयार होतो, एवढाच फरक. माझे म्हणणे असे की, हा निर्णय घेण्यापूर्वी यंत्राची ढिलाई आकड्यांत मोजलीच पाहिजे. आणि हे मोजमाप नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येण्याजोगे आहे. मोजून पाहिल्यावर पुष्कळदा असे दिसते की, सारा दोष मुठीत मावणाऱ्या एका नटाचा होता.

किनवटसारख्या ठिकाणी हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. पैनगंगेच्या काठचा, सागाच्या जंगलाचा हा तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. नांदेड तेव्हाही दूर होते आणि आजही दूरच आहे. पुण्या-मुंबईच्या छंदी माणसाला आपल्या छोट्या लेथचा सुटा भाग दोन-चार दुकाने हिंडून मिळू शकतो. किनवटच्या माणसाने कोणाकडून तरी जुना, टेबलावर मावणारा लेथ विकत घेतला, तर त्याच्यासोबत सुटे भाग येत नाहीत, माहितीपुस्तक येत नाही, आणि पुष्कळदा तो बनवणारा कारखानाही उरलेला नसतो. आपल्या महाराष्ट्रातील जुन्या वर्कशॉपांत दिसणारे किर्लोस्कर लेथच घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे १९४१ मध्ये हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली आणि तिचे लेथ देशभर गेले. त्या कारखान्यातील उत्पादन थांबून आता बरीच वर्षे झाली. लेथ मात्र अजून फिरत आहेत. त्यांचा नट झिजला तर तो कोणीतरी बनवावाच लागतो.

लेथमध्ये या नटाचे काम काय, ते आधी पाहू. आपल्याकडे लाटणी, पाळण्याचे गज, बाजेचे पाय कातून देणारे कातारी पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले. त्यांच्या यंत्रावर लाकूड फिरते, पण पटाशी हातात धरलेली असते. किती तासले हे डोळा आणि हात ठरवतो. लोखंड तासायचे तर हाताचा जोर पुरत नाही आणि हाताची अचूकताही पुरत नाही. म्हणून टूल एका सरकत्या पीठावर घट्ट बसवतात आणि ते पीठ मळसूत्राने, म्हणजे स्क्रूने, पुढे-मागे सरकवतात. हे पीठ म्हणजे क्रॉस स्लाइड. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ले याने १८०० सालाच्या सुमारास सरकते पीठ, लीड स्क्रू आणि दातेरी चाके यांची जुळणी करून लोखंडी स्क्रू अचूक कापणारा लेथ तयार केला. त्याआधी प्रत्येक नट आपापल्या बोल्टलाच बसे, शेजारच्या बोल्टला बसेलच असे नव्हते. यंत्रयुगाचा पाया वाफेने घातला असे आपण शिकतो. मला विचाराल तर अर्धे श्रेय स्क्रूला द्यावे लागेल.

समजा, क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचे आटे एकमेकांपासून २ मि.मी. अंतरावर आहेत. हँडलचा एक पूर्ण फेरा दिला की पीठ २ मि.मी. सरकते. हँडलमागच्या डायलवर १०० भाग आखलेले असतील, तर एक भाग म्हणजे ०.०२ मि.मी. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मि.मी. जाड असतो, त्याच्या निम्म्याहूनही हे कमी. तुमच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेजचे तत्त्वही हेच आहे.

आता नटाचे आटे आणि स्क्रूचे आटे यांच्यात थोडी मोकळी जागा ठेवावीच लागते, नाहीतर स्क्रू फिरणारच नाही. हँडल एका बाजूने फिरवताना स्क्रूच्या आट्याची एक कड नटाला रेटते. उलट फिरवले की ती कड सुटते, मोकळी जागा ओलांडली जाते आणि दुसरी कड टेकल्यावरच पीठ हलू लागते. मधल्या काळात डायल फिरतो, पीठ मात्र जागचे हलत नाही. यालाच बॅकलॅश म्हणतात. टर्नर त्याला ‘प्ले’ म्हणतात. आपण त्याला रिकामा फेरा म्हणू या. ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगला प्ले आला की चालकाला जे जाणवते, तेच हे.

एक उदाहरण घेऊ. शेतीपंपाच्या मोटारीत ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग असते. त्याचे भोक २५ मि.मी. व्यासाचे. त्यासाठी दांडा तासायचा आहे. मोजल्यावर व्यास २५.४० मि.मी. भरला. म्हणजे व्यासातून ०.४० आणि त्रिज्येतून ०.२० मि.मी. काढायचे, डायलचे १० भाग. (काही लेथवर डायल सरळ व्यासच दाखवतो. आपल्या लेथवर काय आहे ते आधी विचारून घ्यावे.) हँडल चुकून १३ भाग फिरले. विद्यार्थी ते ३ भाग मागे घेतो. डायल आता १० दाखवतो. पण या लेथवर रिकामा फेरा १५ भागांचा असेल, तर ३ भाग मागे फिरवून पीठ मुळीच मागे आलेले नाही. टूल १३ वरच उभे आहे. दांडा २४.८८ मि.मी. होईल आणि बेअरिंग त्यावर सैल फिरेल. मग सगळे म्हणतील, ‘लेथ लूज आहे.’

पण याच लेथवर काम करणारा जाणता टर्नर दांडा बरोबर २५ चा काढून देतो. तो हँडल अर्धा-एक फेरा मागे घेतो आणि पुन्हा पुढे येत १० वर थांबतो. मोजमापाकडे नेहमी एकाच दिशेने जायचे, हा त्याचा नियम. कापताना धातूचा रेटाही टूलला बाहेर ढकलत असतो, त्यामुळे आट्याची एकच कड टेकलेली राहते. तेव्हा रिकामा फेरा आहे म्हणून अचूक काम होत नाही, हे खरे नाही. तो सर्वत्र सारखा असेल तर केवळ सवयीने त्यावर मात करता येते. पितळ तासताना मात्र धार चुकीच्या कोनाची असेल तर टूल उलट आत ओढले जाते आणि मोकळ्या जागेमुळे पीठ एकदम झेप घेते. अशा वेळी जिब पट्टी किंचित आवळून सरकण्यात थोडा अडसर ठेवतात.

खरी अडचण वेगळीच आहे. झीज सर्वत्र सारखी होत नाही. लहान लेथवर बहुतेक जॉब एक-दोन इंच व्यासाचेच असतात. त्यामुळे स्क्रूचा तेवढाच पट्टा रोज वापरला जातो आणि तेवढाच झिजतो. लीड स्क्रूचेही तसेच; तो चकजवळच्या भागात सर्वाधिक झिजतो. न झिजलेल्या भागातून झिजलेल्या भागात जाताना डायलवरचा मिलिमीटर आणि खरा मिलिमीटर यांत फरक पडतो. हा दोष हाताच्या सवयीने जात नाही. म्हणून मोजायचे ते हेच: रिकामा फेरा किती आहे एवढेच नव्हे, तर तो कोठे किती आहे.

कृती सोपी आहे. लेथची वीज मुख्य बटणावर बंद असावी आणि शिक्षक किंवा मिस्त्री जवळ असावेत. डायल गेज मिळाले तर पीठाला टेकवून लावावे. हँडल पुढे फिरवत काटा हलू लागला की डायलचा आकडा लिहावा. मग उलट फिरवत काटा पुन्हा हलू लागेपर्यंतचे भाग मोजावेत. असे पीठाच्या प्रवासातील पाच ठिकाणी करावे, प्रत्येक ठिकाणी तीनदा, आणि सरासरी घ्यावी. समजा आकडे आले ८, ९, १४, १५, ९.

हे आकडे वाचायचे कसे? आधी एक गोष्ट तपासा. हँडल न फिरवता धरून पुढे-मागे ओढून पाहा. स्क्रूच सरकत असेल, तर तो ज्या ब्रॅकेटमध्ये बसला आहे तिथली कॉलर ढिली आहे. समजा त्यामुळे ४ भाग जात होते; मागचा चेकनट आवळला आणि पुन्हा मोजले, तर ४, ५, १०, ११, ५. पान्याचा पाव फेरा, आणि टोकांजवळची जवळजवळ निम्मी ढिलाई गेली! उरलेल्या आकड्यांत टोकांना ४ भाग आहेत. तिथे स्क्रू फारसा झिजलेला नाही, म्हणून हा वाटा मुख्यतः नटाचा आणि मुळात ठेवलेल्या मोकळ्या जागेचा. मधे ११ आहेत. जादा ७ भाग, म्हणजे ०.१४ मि.मी., ही स्क्रूची झीज. नट कोठेही गेला तरी तोच असतो. त्याच्या झिजेचा आकडा जागेनुसार बदलू शकत नाही. बदलतो तो स्क्रूचा. पाच आकड्यांवरून दोन दोष वेगळे झाले. यासाठी यंत्र उघडावेसुद्धा लागले नाही.

टोकांचे आकडे मोठे आणि सगळीकडे सारखे असतील तर नट बदला. मधला फुगवटा मोठा असेल तर नवा नट घालून फार साधणार नाही. काही लेथवर नटाला आडवी चीर असते आणि एक स्क्रू आवळून नटाचे दोन भाग एकमेकांपासून दूर रेटता येतात. ही युक्ती चांगली आहे. पण मधल्या झिजलेल्या भागावर नट आवळून घट्ट केला तर टोकाच्या न झिजलेल्या आट्यांवर तो अडकतो. पुष्कळ जण इथे फसतात आणि मग जोर लावतात.

आणखी एक गोष्ट तुम्हाला चकित करील. नट मुद्दाम मऊ धातूचा, गनमेटलचा किंवा बिडाचा करतात. स्क्रू पोलादी असतो. स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग आधी झिजावा, हा हेतू. शिवाय भिन्न धातू एकमेकांना कमी चिकटतात. मग पोलादी स्क्रू झिजतोच कसा? कारण तेलावर बसलेली धूळ, बिडाची पूड, ग्राइंडरचे कण आट्यांत शिरतात आणि मऊ नटात रुतून बसतात. रुतलेला कण हलत नाही. तो नटाला फारसे खात नाही, समोरून सरकणाऱ्या पोलादालाच खरवडत राहतो. मऊ नट अशा रीतीने बारीक कानस बनतो. गंजाचेही कण असेच काम करतात. किनवट परिसरात मराठवाड्याच्या इतर भागांपेक्षा पाऊस जास्त पडतो; उन्हाळी सुटीत झाकून ठेवलेला शाळेचा लेथ पावसाळ्यात उघडला की स्क्रूवर तांबूस थर असतो. तो न पुसता हँडल फिरवणे म्हणजे यंत्राला स्वतःच्या हाताने घासकाम करण्यासारखे आहे. न वापरलेले यंत्र झिजत नाही ही समजूत चुकीची आहे. महिन्यातून एकदा रॉकेल आणि ब्रशने स्क्रू धुऊन तेल देणे, याला खर्च कितीसा येतो?

एमरीची पूड आणि तेल लावून स्क्रू-नट एकमेकांत घासून ‘बसवावेत’ असा सल्ला कधी कधी मिळतो. गनमेटलच्या चालू नटाबाबत तो मुळीच पाळू नये; वर सांगितलेलेच घडेल. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड याने १८८२ च्या सुमारास काचेवर व धातूवर एका इंचात १४,४३८ रेषा ओढणारे यंत्र केले, तेव्हा त्याने स्क्रू लांब नटात अपघर्षक पुडीने घासूनच सुधारला होता, हे खरे. पण तो नट त्या घासकामापुरता होता. नंतरही उरलेली चूक किती आहे ते मोजून ती भरून काढणारी योजना त्याने यंत्रातच बसवली. त्या रेषांच्या पट्ट्यांनी सूर्यप्रकाशाचा वर्णपट पूर्वी कधी दिसला नव्हता इतका स्पष्ट दिसला. निर्दोष स्क्रू रोलंडलाही मिळाला नव्हता.

नवा नट करायचा तर मिस्त्री गनमेटलचा तुकडा घेऊन त्यात आतून आटे कापतो, किंवा त्या मापाचा टॅप पोलादातून स्वतः करून घेतो. सध्या छंदी लोक ॲसिटल नावाचे कठीण प्लास्टिकही वापरतात. ठोकळ्याचे दोन भाग करून ते तापवलेल्या स्क्रूभोवती व्हाइसमध्ये दाबले की आट्यांचा हुबेहूब ठसा उठतो. ॲसिटल सुमारे १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला वितळते; जास्त तापले तर फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू सुटतो. म्हणून हे काम मोठ्या माणसाने, उघड्यावर, बेताच्या उष्णतेनेच करावे. हलक्या कामाच्या लेथला असा नट चांगला पुरतो.

आटे कापण्याआधी एक लक्षात घ्या: अनेक लेथच्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू डावखुरा असतो. कारण घरी पाहता येईल. साधा बोल्ट डोक्याकडून धरा, नट फिरू देऊ नका आणि बोल्ट घड्याळाच्या दिशेने फिरवा. नट तुमच्याकडे येईल. लेथवर मात्र तसे फिरवल्यावर टूल पुढे, जॉबकडे जायला हवे. म्हणून आटे उलटे. हे न पाहता नट करून आणला तर नांदेडची फेरी फुकट जाते. याच बोल्टवर दुसरा नट चढवून दोन्ही एकमेकांवर आवळा. खडखड थांबते, तीही समजून घ्या.

‘आता संगणकाने चालणारी यंत्रे आली आहेत, हे जुने खेळ कशाला?’ असे काही शिक्षकच विचारतात. त्या यंत्रांत गोळ्यांवर फिरणारे स्क्रू असतात, आणि त्यांची ढिलाई काढण्यासाठी पुष्कळदा दोन नट एकमेकांवर ताणून बसवलेले असतात; म्हणजे तुमच्या बोल्टवरचाच प्रयोग. तेही कालांतराने झिजतात. तेव्हा कारागीर डायल गेज लावतो, रिकामा फेरा मोजतो आणि तो आकडा यंत्राच्या नियंत्रकात भरतो. दिशा बदलली की संगणक तेवढे जास्त फिरवतो. मधे झीज जास्त आणि टोकाला कमी असेल तर एकच आकडा सर्वत्र लागू पडत नाही, ही अडचणही तीच. सरकत्या पीठावर आकडे दाखवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी बसवली तर पीठाची खरी जागा कळते, हा मोठा लाभ आहे. पण ती पट्टी पीठाला धरून ठेवत नाही. पितळावर टूल झेप घेईल ते घेईलच.

जुना लेथ कितीही दिवस राखावा, असे मी म्हणत नाही. बेडच खोल झिजला असेल, मुख्य दांड्याची बेअरिंगे गेली असतील आणि घर फाटले असेल, तर दुरुस्तीपेक्षा नवे यंत्र स्वस्त पडते. ते मोजूनच कळेल. माझी मागणी एवढीच की, शाळेचा किंवा प्रशिक्षण संस्थेचा लेथ निर्लेखित करण्याच्या कागदाला रिकाम्या फेऱ्याच्या मोजमापांचा तक्ता जोडलेला असावा: पाच ठिकाणचे आकडे, कॉलर आवळण्यापूर्वीचे व नंतरचे, तारीख, आणि मोजणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सह्या. तक्ता नसेल तर कागद परत पाठवावा. दरवर्षी जूनमध्ये असा तक्ता केला तर झीज कोणत्या वेगाने वाढते आहे हेही दिसेल, आणि नट करायला टाकण्याची वेळ आधीच कळेल.

आणि बदललेला जुना नट भंगारात टाकू नये. करवतीने तो उभा चिरून शाळेच्या संग्रहात ठेवावा. एके काळी जाड असलेले आटे एका बाजूने झिजून पात्यासारखे झालेले दिसतात. भिंगातून पाहिले तर कोठे कोठे रुतलेले काळे कणही सापडतात.